थोरली उठेना

"मॅडम, तुमच्या तेलानं मासा झोपंना."

सोमवारची सकाळ. मी लॅबमध्ये येऊन पर्स खिळ्याला अडकवली आणि लगेच हा फोन. खुटबावचे भानुदास आप्पा. आप्पा कायम पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी बोलल्यासारखे बोलतात. त्यामुळे ते चिडलेत की नुसतेच बोलतायत, हे कळायला थोडा वेळ जातो.

"किती टाकलं होतं, आप्पा?"

"लेबलवर लिवलंय तेवढंच. सिरिंजनं मोजून. पाणी बी मोजून घेतलं. अर्धा तास वाट बघितली. मासा झोपायचा ऱ्हायला, उलट त्यानं आमच्या कामावरच्या तपनच्या तोंडावर शेपूट हानली. व्हट सुजलाय त्याचा."

"तेल आधी स्पिरिटमध्ये मिसळलं होतं ना?"

"मॅडम, दोन वर्सं झाली तुमचं तेल वापरतूय. कालपासनं न्हाई."

मी "बघते" म्हणून फोन ठेवला. आमच्या धंद्यात "बघते" याचा अर्थ असा की चूक तुमचीच आहे, फक्त पुरावा गोळा करायला जरा वेळ द्या.

आधी कामाचं सांगते. मी शिरूरजवळच्या एका छोट्या तेलाच्या कारखान्यात क्वालिटी बघायची. तेल म्हणजे खायचं नव्हे, वासाचं. मालकांना सगळे नाना म्हणतात. त्यांची घोडनदीच्या काठाला जमीन आहे. आजूबाजूला सगळ्यांनी ऊस लावला तेव्हा नानांनी गवती चहा आणि रानतुळस लावली. भावकी त्यांना पुढं वर्षभर "काय वैद्य" अशी हाक मारायची. पाला मोठ्या टाकीत ठासायचा, खालून बॉयलरची वाफ सोडायची. वाफेबरोबर तेल निघतं, ते थंड करून पाण्यापासून वेगळं करायचं. याला डिस्टिलेशन म्हणतात. ट्रॉलीभर पाला घातला तरी तेल एवढंसंच निघतं, म्हणून ते महाग.

रानतुळशीच्या तेलात युजेनॉल नावाचा घटक असतो. दात दुखला की आपण लवंगेचं तेल लावतो आणि हिरडी बधिर होते, ती याच युजेनॉलमुळं. माशाच्या पाण्यात हे तेल बेतानं मिसळलं की मासा गुंगतो. जास्त झालं की तो परत उठत नाही. या दोन्हींच्या मधली जागा अरुंद आहे, आणि मला पगार मिळायचा तो त्या अरुंद जागेवर सही करण्यासाठी.

माशाला झोपवायचं तरी कशाला, हे मलाही आधी कळत नव्हतं. आप्पांची हॅचरी आहे. माशांची पिल्लं तयार करायची आणि शेततळीवाल्यांना विकायची. कटला, रोहू हे मासे तळ्याच्या साठलेल्या पाण्यात आपण होऊन अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात माद्या अंड्यांनी भरल्या की त्यांना हार्मोनचं इंजेक्शन द्यावं लागतं. सहा-सात किलोचा कटला शुद्धीवर असताना सुई टोचू देत नाही. हातातून सुटतो, आपटतो, खवले निघतात, जखम चिघळते. आप्पांची एक चांगली मादी अशीच गेली, तेव्हापासून ते आमचं तेल घ्यायला लागले. हे सगळं फक्त वाणाच्या माशांसाठी बरं का. खायच्या माशाला आम्ही हे तेल लावू देत नाही.

तर मी कपाटातून आप्पांना गेलेल्या बॅचची राखीव बाटली काढली. प्रत्येक बॅचची एक छोटी बाटली आम्ही बाजूला ठेवतो. तक्रार आली की तीच आमची साक्षीदार. ती जीसीवर लावली. जीसी हे तेलातले घटक एकेक करून वेगळे काढणारं यंत्र. ते कागदावर डोंगर काढतं. ज्या घटकाचा डोंगर मोठा, तो तेलात जास्त. आमचं यंत्र नानांनी एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावात घेतलं होतं. खंडेनवमीला ते त्याला झेंडूची माळ घालायचे आणि मी दिवसभर आत पाकळ्या जाऊ नयेत म्हणून राखण करत बसायची.

युजेनॉलचा डोंगर लेबलवर लिहिला होता तेवढाच आला. मला फार बरं वाटलं.

"काय म्हनतंय खुटबाव?" नानांनी दारातूनच विचारलं.

"तेल बरोबर आहे, नाना. त्यांच्याकडंच काहीतरी चुकतंय."

"मंग त्यांच्या हितला नमुना मागवा. कागदावर दाखवू त्यांना."

मंगळवारी दुपारी नमुना दौंडच्या एसटीनं आला. खोकल्याच्या औषधाची बाटली, तिच्यावर तीन प्लास्टिकच्या पिशव्या, वर दोरा. तरी वास बाहेर आलाच होता. बाटली हातात देताना कंडक्टर म्हणाले, "मॅडम, पुढच्या खेपेला गुलाबाचं पाठवा म्हनावं. आख्खी गाडी दाताच्या डाक्टरकडं बसल्यागत गप व्हती."

नमुना लावला. युजेनॉल जवळपास निम्मं. मी दुसऱ्यांदा लावला. तेवढंच. नाना खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. त्यांना जीसीतलं काही कळत नाही, पण लहान डोंगर आणि मोठा डोंगर कळतो.

"भेसळ," ते समाधानानं म्हणाले. गिऱ्हाइकाची चूक सापडली की नानांचा चेहरा उजळतो.

"पाणी घातलं असतं तर ते तेलापासून सुटून वेगळं झालं असतं. दुसरं कुठलंतरी हलकं तेल मिसळलंय."

"तेच म्हनतूय मी. स्वस्तातलं घेतलं आसंल कुणाकडनं तरी, आन् आपल्यात वतलं."

आता इथं माझी पहिली चूक सांगून टाकते. त्या कागदावर युजेनॉल सोडून बाकीचे जे छोटे छोटे डोंगर होते, ते सगळे ओळखीचे होते. परकं एकही नव्हतं. म्हणजे ते तेल आमच्याच शेतातल्या तुळशीचं होतं. वीस वर्षं मी हेच डोंगर बघत आले होते. पण "तेल बरोबर आहे" असं एकदा मालकासमोर म्हटल्यावर माणूस पुढचा कागद नीट वाचत नाही. मी तरी वाचला नाही.

आप्पांना फोन केला. या वेळी त्यांचा आवाज बारीक होता.

"मॅडम, माद्या भरल्यात. चौदा हायेत. ह्या चार-पाच दिसांत इंजेक्शन न्हाई बसलं तर अंडी आतल्या आत जिरतील. मंग वरीस गेलं. बाकीचं सोडा, घरात काय तोंड दावू? आमच्या मंडळींनी चार वर्सं पोसल्यात त्या."

"मी उद्या स्वतः येते," मी म्हटलं. "हिशोब करून आणते. तुमच्यासमोर झोपवून दाखवते."

हिशोब सोपा होता. तेलाचा जोर निम्मा, म्हणजे मात्रा दुप्पट. चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलं. भेसळीबद्दल काय बोलायचं, कसं बोलायचं, तेही रात्री भाकरी करता करता मनात घोळवून ठेवलं.

बुधवारी डिलिव्हरीच्या टेम्पोतून निघाले. न्हावरे, चौफुला आणि मग खुटबाव. हॅचरी कॅनॉलच्या कडेला, मागं उसाचं रान. सिमेंटच्या गोल टाक्या, वर पत्रा, आणि एका बाजूला आप्पांचं घर. मालनकाकू, म्हणजे आप्पांची मंडळी, ओसरीत पोहे घेऊन उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, उंच, आणि आवाजाच्या बाबतीत आप्पांच्या वरताण. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मी इस्त्रीची कॉटनची साडी नेसून गेले होते, त्याची त्यांनी मनात नोंद घेतली असावी.

पोहे खाता खाता मी विषय काढला. फार जपून काढला असं मला वाटत होतं.

"काकू, या तेलात दुसरं काही मिसळलं होतं का हो? चुकून?"

काकूंनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"आमी डेरीला दूध घालतूय तीस वर्सं. त्यात कवा पाणी घातलं न्हाई. आता तुमच्या वासाच्या तेलात काय घालू? गोडंतेल?"

"तसं नाही म्हणायचं मला..."

"मंग कसं म्हनायचंय?"

आप्पा मध्ये पडले. "अगं, मॅडमला तपासायला लागतंय. त्यांचं कामच हाय ते."

"तपासू दे की. मी कुठं न्हाई म्हनलं? पोहं खा, बाई, गार व्हत्यात."

पोहे गार झालेच होते. मी ते मुकाट्यानं संपवले.

टाकीशी गेलो. निळा प्लास्टिकचा ड्रम उभा कापून त्याचा टब केला होता. त्यात दोनशे लिटर पाणी. तपन तिथंच होता. हा बंगालचा, हॅचरीच्या कामात मुरलेला, पंचावन्नच्या आसपासचा माणूस. त्याचा ओठ अजून सुजलेला होता आणि तो माझ्याकडे बघत होता ते फारसं प्रेमानं नव्हे.

काकूंनी घरातून तेलाची स्टीलची किटली आणली. मी चिठ्ठी काढली, सिरिंजनं दुप्पट मात्रा मोजली, स्पिरिटमध्ये घातली, बाटलीत थोडं पाणी घेऊन जोरात हलवली. दुधासारखं पांढरं झालं. ते टबमध्ये ओतून ढवळलं.

"आधी चिलापी टाकून बघू का एखादी?" काकूंनी विचारलं. चिलापी म्हणजे कॅनॉलमधून आपोआप येणारा छोटा मासा. मेला तरी कुणाला वाईट वाटत नाही असा.

"नको," मी म्हटलं. "चिलापीचा डोस वेगळा, कटल्याचा वेगळा. त्यावरून काही ठरवता येत नाही." हे पुस्तकात आहे आणि खरंही आहे. पण ते मी ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज आठवला की मला आजही स्वतःला एक चिमटा काढावासा वाटतो.

"मंग ल्हान मादी घ्या."

"कुठलीही घ्या. मोजून केलंय."

आप्पांना घाई होती. ते तपनला म्हणाले, "थोरलीच घे. तीच लई भरलीय."

थोरली ही काकूंची सगळ्यात पहिली मादी. चार वर्षांपूर्वी बोटाएवढी आणली होती. बाकीच्या तेरा जणी तिच्या मागोमाग आलेल्या. तपननं तिला कापडाच्या झोळीतून उचलून टबमध्ये सोडलं तेव्हा पाणी काठावरून बाहेर आलं. मोठं डोकं, वर वळलेला खालचा ओठ, आणि काळसर पाठ. मी इतका मोठा जिवंत मासा एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. वीस वर्षं तेलात काढली, पण माशाशी माझा संबंध ताटात आल्यावरच यायचा.

घड्याळ लावलं. चार-पाच मिनिटांत मासा कलंडायला हवा. थोरली एका मिनिटात कलंडली.

"बघा," मी आप्पांना म्हटलं. "झोपली."

तपननं झटकन इंजेक्शन भरायला घेतलं आणि मधेच थांबला. माशाचे कल्ले म्हणजे त्याचं श्वास घ्यायचं दार. ते उघडझाप करत राहायला हवं. थोरलीचं दार हळू झालं, मग फारच हळू, आणि मग मिटलं.

"मैडम," तपन म्हणाला, "ये तो गई."

त्यानं सुई बाजूला टाकली आणि थोरलीला उचलून शेजारच्या ताज्या पाण्याच्या टाकीत नेलं. इथं ब्लोअर चालू असतो, पाण्यात हवा सोडतो, मासा दोन-तीन मिनिटांत शुद्धीवर येतो. तपननं बटण दाबलं. काही नाही. थ्री-फेज गेली होती. बुधवारी दुपारी आमच्या भागात वीज जायचीच, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी मात्र माझ्या हिशोबात फक्त तेल आणि पाणी धरलं होतं.

तपन इंजिन चालू करायला पळाला. जाता जाता ओरडला, "उसको पानी में चलाओ! मुँह आगे रखके!"

आप्पांचा खांदा धरलेला, हात वर जात नव्हता. काकू आधीच टाकीत उतरल्या होत्या, कमरेएवढ्या पाण्यात. त्यांनी मागं वळून माझ्याकडे बघितलं.

"काय बघताय? साडी खोचा आन् शिरा आत."

मी शिरले. खरं सांगते, मला फार भीती वाटली. आणि तीही आधी माशाची नव्हे, रिपोर्टची. खाली माझी सही होती. थोरलीची भीती वाटायला लागली ती तिला दोन्ही हातांत धरल्यावर. तिचं अंग गार होतं आणि तिच्यात काही ताकद नव्हती. काकूंनी तिचं डोकं धरलं, मी पोटाखाली हात घातला, आणि आम्ही टाकीत गोल चालायला लागलो. मासा पुढं ढकलला की पाणी तोंडातून आत जातं आणि कल्ल्यांतून बाहेर पडतं. त्याला श्वास घेता येत नाही तर आपण त्याला श्वास चालवून द्यायचा, असं ते आहे.

मी एकदा चुकून उलटं ओढलं. काकूंनी माझ्या हातावर चापट मारली. "म्होरं! म्होरं न्या! मागं न्हाई!"

एक फेरी. दोन फेऱ्या. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर मी मोजायचं सोडलं. काकू एका लयीत थोरलीशी बोलत होत्या. "ऊठ की गं. ऊठ. आसं करतंय व्हय कुणी? ऊठ." मी मनात फक्त एकच गोष्ट म्हणत होते, की ही वाचू दे, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे. हे मी प्रामाणिकपणे म्हणत होते.

आप्पा काठावर उकिडवे बसले होते. आप्पा गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले आणि तेच मला सगळ्यात वाईट वाटलं.

तिकडं इंजिन धडधडलं. हवेचे बुडबुडे आले. आम्ही चालतच होतो. माझे पाय बधिर झाले होते. मग काकू एकदम थांबल्या.

"हाललं."

"काय?"

"दार हाललं. बघा."

कल्ला जरासा उघडला आणि मिटला. बराच वेळ काही नाही. मग परत उघडला. मग जरा लवकर. काकूंनी चालायला सांगितलं, आम्ही परत चाललो. आणखी दोन-तीन फेऱ्या झाल्या असतील. थोरलीच्या अंगात एकदम जोर आला, तिनं शेपटीचा असा फटकारा मारला की मी पाण्यात बसलेच. नाकातोंडात पाणी गेलं. उठून बघते तर ती टाकीच्या तळाशी, सरळ, स्वतःच्या पोहण्यावर.

काकू हसत होत्या. डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. मीही हसले, मग रडले, आणि ओल्या साडीत दोन्ही एकच वाटत होतं.

पुढचा पाऊण तास मी काकूंचं नऊवारी लुगडं कसंबसं गुंडाळून ओसरीत बसले होते. त्या चहा घेऊन आल्या. आता मला नीट विचारायचं धाडस झालं.

"काकू, तेल तुम्ही कसं ठेवता? अगदी पहिल्यापासून सांगा."

"कसं म्हंजी? तुमचा क्यान आला की किटलीत वतायचं. क्यानचं तोंड मोठं, सांडतंय. म्हाग तेल."

"आणि किटलीतलं आधीचं?"

"ते ऱ्हातंयच की तळाला."

"का राहतं?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुठल्या घरात वाढले असा प्रश्न त्यांना पडला असावा. "भांडं पुरतं रिकामं करत्यात व्हय? तेलाचं, पिठाचं, तांदळाचं? तळाला ठिवायचं थोडं. त्याच्यावर नवं वतायचं. मंग बरकत ऱ्हाती."

माझ्या आईच्या घरी पिठाचा डबा असाच असायचा. माझ्याही घरी असतो. मी केमिस्ट असून माझा डबा कधी खडखडीत झालेला नाही. पण लॅबमध्ये मला हे सुचलं नव्हतं.

"नवा कॅन आला तेव्हा किटलीत किती होतं?"

"बख्खळ. आर्धी. त्याच्यावर वाटीभर नवं घातलं, शकुनाला. तवाच यांनी मासा झोपवायला घेतला, सोमवारी."

"आणि आज?"

"आज तुमी येनार म्हनल्यावर आर्धी किटली कशी म्होरं करायची? मधनंआधनं यांनी मासं झोपवायचा घाट घातला व्हता, त्यात सरलं व्हतं बरंच. काल सांजच्याला क्यान उपडा केला त्यात. काठोकाठ."

सगळं समोर आलं. आता तुम्हालाही सांगते. रानतुळशीच्या तेलाचा जोर वर्षभर एकसारखा नसतो. आमच्या शेतात, पावसाळ्यात कापलेल्या तुळशीत पाला भरपूर पण युजेनॉल कमी. कोरड्या उन्हात, फुलोरा धरल्यावर कापली की युजेनॉल जास्त. दुसऱ्या मातीत याच्या उलटही होत असेल. पण आमचं असं. किटलीतलं जुनं तेल होतं गेल्या पावसाळ्यातलं, हलकं. नवा कॅन होता उन्हाळ्यातला, कडक. सोमवारी किटलीत बहुतेक सगळं हलकं, आणि आप्पांनी मात्रा घेतली नव्या कडक लेबलप्रमाणं. मासा झोपणार कसा? मी नमुना तपासला तोही त्याच हलक्याचा. आणि बुधवारी किटलीत बहुतेक सगळं कडक, मी मात्रा घेतली सोमवारच्या हलक्याप्रमाणं, दुप्पट. आधीच्या वर्षी दोन्ही कॅन एकाच हंगामातले होते म्हणून हे कधी उघडकीला आलंच नव्हतं.

भेसळ झाली होती. फक्त आमच्याच तेलाची आमच्याच तेलात. आणि दोन्ही लेबलांवर हंगाम कुठंच लिहिलेला नव्हता. ते काम माझं होतं.

"काकू," मी म्हटलं, "थोरली माझ्यामुळं जात होती. तुम्ही काही चुकीचं केलं नव्हतं. मी मात्र तुमच्यावर संशय घेतला."

"घेतला खरा," काकू म्हणाल्या. त्यांनी ते नाकारलं नाही, आणि मला ते आवडलं. "पर पान्यात बी उतरलात. च्या घ्या आता. आन् तेरा जनींचं काय करायचं ते सांगा."

करायचं काय, हा प्रश्न होताच. किटलीतल्या मिश्रणाचा जोर किती, हे जीसीशिवाय कळणार नाही, आणि जीसी शिरूरला. जाऊन येण्यात दिवस गेला असता. शेवटी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि काकूंचीच चिलापी मागितली. बादलीत मोजून पाणी, त्यात चिलापी, आणि तेल अगदी थेंबाथेंबानं. मासा कलंडेपर्यंत आणि परत ताज्या पाण्यात उठेपर्यंत घड्याळ. एक, दोन, तीन चिलाप्या. तपन प्रत्येकीच्या वेळी मान हलवून "ठीक" किंवा "ज्यादा" म्हणायचा. मी चिठ्ठीच्या मागं लिहीत होते. मिळालेल्या मात्रेच्याही खाली राहून पहिली छोटी मादी घेतली. पाच मिनिटांत कलंडली. इंजेक्शन बसलं. तीन मिनिटांत उठली. मी वेळ चिठ्ठीवर लिहिली आणि पुढची घ्यायला सांगितली.

उन्हं कलायच्या आत बारा जणी झाल्या. तेरावीला तपननंच सांगितलं की ही अजून तयार नाही, राहू द्या. थोरलीला कुणी हातच लावला नाही. काकूंनी टाकीवर जाळी टाकली आणि म्हणाल्या, "ती आज दमलीय. बघू."

मी परत आले. नऊवारीत आले. टेम्पोवाल्यानं शिरूरपर्यंत आरशात बघत गाडी चालवली.

नानांना सगळं सांगितलं. त्यांना भेसळ सापडली नाही याचं थोडं दुःख झालं. मी म्हटलं, "नाना, लेबलवर हंगाम आणि कापणीचा महिना छापायचा. आणि खाली एक ओळ, की जुन्या तेलात नवं मिसळू नये. मिसळलंच, तर मात्रा आधी छोट्या माशावर तपासावी."

"येवढं सगळं लिवल्यावर लोकांना वाटंल, तेलात काय खोट हाय."

"खोट तेलात नाही, नाना. माझ्यात होती."

नानांनी माझ्याकडे बघितलं, आणि छापखान्याला फोन केला. तेवढा मोठेपणा त्यांच्याकडे होता. माझा धडा मात्र लेबलवर मावण्यासारखा नव्हता. यंत्र बाटलीतलं सांगतं. बाटली कुठून आली, कुणी भरली आणि मधल्या दिवसांत घरात काय झालं, हे माणसालाच विचारावं लागतं, आणि शक्यतो पोहे गार व्हायच्या आधी, सरळ विचारावं लागतं.

गुरुवारी सकाळी आप्पांचा फोन आला. आवाज परत पलीकडच्या बांधावरचा. बारा जणींनी अंडी दिली होती. टाकीत साबुदाणा भिजत घातल्यासारखं दिसतंय म्हणाले.

शनिवारी परत फोन. या वेळी काकू स्वतः.

"थोरलीनं दिली! सगळ्यांच्यापरीस जास्त!"

मला इतका आनंद झाला की मी लॅबमध्ये उभीच राहिले. मग एकदम धंद्याचं सुचलं. "काकू, मात्रा किती घेतली? बादलीत तपासली होती ना आधी?"

"मात्रा कसली? तिला तुमचं तेल आता जन्मात लावू द्यायची न्हाई मी."

"मग इंजेक्शन कसं दिलं?"

"वल्ला पदर डोळ्यांवर टाकला. डोळं झाकलं की मासा गप ऱ्हातोय. तपननं टोचलं, तिला कळलं बी न्हाई."

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"व्हय की. पर चौदा जनींला कोन पदर धरत बसंल? तेल बरं पडतंय."

मी ही गोष्ट नानांना सांगितली. मग त्यांनी उठून लॅबचं दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हे बाकीच्या गिऱ्हाइकांस्नी सांगू नका."

नोकरी होती तोवर मी कुणालाही सांगितलं नाही. गेल्या महिन्यात रिटायर झाले.